कुणाला तरी माहीत असतं

प्रश्न असा आलाय: “तुम्ही आयुष्यभर पोलीस खात्यात तपासाचं काम केलंत. खरे खून, खऱ्या चोऱ्या बघून झाल्यावर पुस्तकातल्या रहस्यकथा पोरखेळ वाटत नाहीत का? आणि मुळात माणसाला रहस्याचं एवढं वेड का असतं, गोष्टीतल्याही आणि खऱ्याही?” विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्र-रात्र जागून खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका बघतो आणि त्यावरून आई ओरडते, असंही त्यानं सांगितलंय.

आईचं बरोबर आहे. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

रहस्यकथा मी अजून वाचतो. नोकरीत असतानाही वाचायचो. नाइटला ठाणे अंमलदार म्हणून बसलो की स्टेशन डायरीखाली एखादी असायचीच. साहेब राउंडला आले की खालचं वर येऊ नये एवढीच काळजी. पोरखेळ वाटतो का? खेळ तर आहेच तो. पण कॅरम खेळणाऱ्याला कुणी विचारत नाही की खरी सोंगटी कुठाय.

वेड का, हे सांगायला आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर जाऊ. तलावात मासे किती, मला माहीत नाही. त्यानं माझी झोप उडत नाही. पण पायरीवर पहाटे चपलांचा एक जोड दिसला, आणि दुपारी बाराला तोच जोड त्याच जागी, उन्हात तापलेला दिसला, तर पाऊल अडखळतंच. दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत, मग एक मनातून जात नाही आणि दुसरीचं काही वाटत नाही, असं का? माशांचा आकडा कुणालाच ठाऊक नाही. चपला कुणाच्या, ते मात्र कुणाला तरी नक्की ठाऊक आहे. या गावात एक माणूस असा फिरतोय, ज्याच्या लेखी यात काहीच रहस्य नाही. त्याच्यापर्यंत पोचायची ओढ लागते. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही माझ्याकडे रहस्याची एवढी एकच व्याख्या आहे: आपल्याला माहीत नाही, पण कुणाला तरी माहीत आहे.

(त्या चपला, म्हणाल तर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आलेल्या एका बाबाच्या निघाल्या. होम मैदानावर नवा जोड घेतला, पायात घालून बघितला, आणि जुना पायरीवर ठेवून गेला. आम्ही चार तास तलावात गळ टाकून बसलो होतो.)

ही व्याख्या मला पोलीस ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही. ती एका निळ्या पेन्सिलीनं शिकवली. वडील गिरणीत कामाला, आम्ही चाळीत राहायचो, आणि घड्याळापेक्षा भोंग्यावर दिवस चालायचा. चौकात पत्र्याच्या टपरीत एक लायब्ररी होती, पुस्तकाला दिवसाचं भाडं दहा पैसे. सामाजिक कादंबऱ्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या, आणि खाली हाताशी रहस्यकथा, बाइंडिंग करून करून फुगलेल्या, पानांना तंबाखूचा आणि तेलाचा वास. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निदान शंभर तरी त्या टपरीत असाव्यात. झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांची नावं आमच्या चाळीत शेजाऱ्यांची घ्यावीत तशी घेतली जायची.

तर या पुस्तकांच्या पहिल्या पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. जाड, निळ्या पेन्सिलीनं. ‘खुनी – वकील.’ ‘खुनी – पुतण्या.’ लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लायब्ररीवाल्या काकांनी ‘पुस्तकात लिहिणाऱ्यास दंड’ अशी पाटी लावली, तर पुढच्या आठवड्यात आणखी दोन खुनी जाहीर झाले.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. तपास हाती घेतला. पेन्सिल साधी नव्हती. मेणचट, बोट फिरवलं की पुसटायची. तसली पेन्सिल मी एकाच ठिकाणी पाहिली होती: वडिलांना डबा द्यायला गेलो की गिरणीच्या घडी खात्यात कापडाच्या ताग्यांवर आकडे टाकायला ती वापरायचे. म्हणजे माणूस घडी खात्यातला. काकांची देवघेवीची वही चाळली, तर निळ्या पेन्सिलीची सगळी पुस्तकं सकाळी परत आलेली, रातपाळी सुटते त्या सुमाराला, आणि एका दिवसाच्या वर कुणीच ठेवलेली नाहीत. नावं दोनच उरली. एक जण चष्म्याशिवाय वाचू शकत नव्हता आणि त्याचा चष्मा महिनाभर फुटलेला होता, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. उरला एक. माझ्या वडिलांच्याच ओळखीचे, खाली मान घालून जाणारे, कधी कुणाशी वर आवाजात न बोललेले गृहस्थ.

गाठलं त्यांना नळावर. म्हटलं, काका, खुन्याचं नाव का लिहिता? ते आधी दचकले, मग हसले. म्हणाले, “वाचून कुठं होतंय बे? रातपाळीत जेवणाच्या सुट्टीत चाळीस-पन्नास पानं होतात. दुसऱ्या दिवसाचं भाडं कशाला म्हणून परत करतो. मग मला जो वाटला तो लिहून ठेवतो. बरोबर का चूक, खाली कुणीतरी लिहील म्हणून. कुणी लिहीतच नाही.”

मी टपरीत जाऊन ती सगळी पुस्तकं काढली. अकरा होती. त्यांचा अंदाज दोनदाच बरोबर आला होता. गावभर शिव्या खाल्लेल्या त्या नावांपैकी नऊ नावं निरपराध माणसांची होती! त्या दिवसापासून मी त्यांच्या निळ्या अक्षराखाली साध्या पेन्सिलीनं लिहायला लागलो. ‘नाही.’ ‘नाही.’ ‘हो, पण एकटा नव्हता.’ दोन वर्षं आमचा असा पत्रव्यवहार चालला.

गोष्टीतल्या रहस्याची सगळी गंमत या ‘कुणाला तरी माहीत आहे’ मध्ये आहे. पुस्तकात कुणाला तरी माहीत आहे, याची शंभर टक्के हमी असते, कारण लेखकाला माहीत असतं. तो फसवेल, भलत्याच वाटेनं नेईल, पण शेवटच्या पानावर तो हजर असणार, हा करार आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं, जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा, या कराराचे दहा नियम घालून दिले. डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. भूतखेत, दैवी चमत्कार चालणार नाहीत. गुप्त खोली एकच, फार तर. जुळे भाऊ आधी सूचना दिल्याशिवाय आणायचे नाहीत. हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, असे नियम आम्हाला कुणी लिहून दिले असते तर! मला जुळे भाऊ भेटलेत, सूचना न देता. ओळख परेडला साक्षीदार बिचारा रडायला आला होता.

आता खऱ्या कामाकडे. इथं थोडी निराशा करतो.

पहिली गोष्ट, बहुतेक खुनांत खुनी कोण हे संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. बांधाचं भांडण, दारू, उधारी, संशय. बऱ्याचदा गल्लीला आमच्या आधी माहीत असतं. रहस्य सांगणाऱ्याचं असतं: माहीत असलेला माणूस साक्षीदार म्हणून कोर्टात उभा राहील की नाही. दुसरी गोष्ट, कबुली. पुस्तकात शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात आणि खुनी मान खाली घालून कबूल होतो. आमच्याकडे पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात शून्य. १८७२च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात ते होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात तेविसाव्या कलमात आहे. चालतं ते एवढंच: आरोपी म्हणाला ‘कोयता अमुक विहिरीत टाकलाय, दाखवतो’ आणि कोयता खरंच तिथं निघाला, तर तेवढा भाग. म्हणून आमचा शेवटचा अंक दिवाणखान्यात होत नाही. तो विहिरीच्या काठावर होतो. दोन कंटाळलेले पंच, पट्टीचा पोहणारा एक पोरगा, आणि गुडघाभर चिखल.

तिसरी गोष्ट मला वाटतं सगळ्यात मोठी. पुस्तकात पलंगाखाली शर्टाचं बटण सापडलं की ते कामाचं असतं. नसतं तर लेखकानं लिहिलंच नसतं. खऱ्या खोलीत बटणं, केस, बसची तिकिटं, अर्धी विझलेली विडी, सगळंच सापडतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच कामाचं नसतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमागाच्या शेडमध्ये झालेल्या मारहाणीत आम्ही एक पितळी रंगाचं बटण मोठ्या थाटात मुद्देमालात घेतलं. लाखेचं सील, पंचांच्या सह्या, सगळं. दहा दिवस मी त्या बटणाचा शर्ट शोधत कापड दुकानं पालथी घातली. अकराव्या दिवशी आमचा फोटोग्राफर ठाण्यात आला, आणि त्याच्या शर्टाला वरून तिसरं बटण वेगळं होतं. त्यानं पंचनाम्याच्या वेळी वाकून फोटो काढले होते. ते बटण पुढं रीतसर मुद्देमाल कारकुनाकडं पडून राहिलं. नोंद झालेली वस्तू अशी फेकता येत नाही.

म्हणून रहस्यकथा वाचताना मला जे सुख होतं ते तुला होत असेल त्याहून थोडं वेगळं. तुला वाटतं, कोण असेल? मला वाटतं, आहाहा, इथं बटणाला अर्थ आहे.

आणि शेवट. पुस्तकाला तो असतोच. आमच्याकडे समरी असते. न सुटलेल्या तपासाचा अहवाल कोर्टात जातो तो तीन प्रकारे. ‘अ’ समरी: गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी: फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली. ‘क’ समरी: खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमज झाला, किंवा प्रकरण दिवाणी निघालं. ‘क’ समरीत मी वाचलेल्या कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त माणसं आहेत. हरवलेल्या बांगड्या सासूच्या पेटीत सापडतात आणि सासूला खरंच आठवत नसतं. पण झोप उडते ती ‘अ’ समरीनं. कोर्ट ती मंजूर करतं, फाइल दप्तरात जाते, पुढं कधी काही मिळालं तर उघडायची मुभा असते, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो माणूस नव्या पेठेत आपल्या शेजारी उभा राहून भाजी घेत असतो.

सापडला म्हणजे सगळं कळतं, असंही नाही. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं. वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांनी. नाव लागलं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. (हे खात्यात असलेल्या कुणालाही नवल वाटणार नाही.) त्याच सुमारास जलपायगुडीकडच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि तिथल्या पेटीतल्या पंचांगावर रक्तानं माखलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला. तो जुळला एका जुन्या नोकराशी, ज्याचा ठसा आधीच्या चोरीमुळं कार्यालयात होता. आता पुस्तक असतं तर इथं टाळ्या. कोर्टानं त्याला शिक्षा दिली चोरीची. खुनाची दिली नाही. अंगठ्यावरून तो तिथं होता आणि पेटीला त्याचा हात लागला, एवढं सिद्ध होतं. वार करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. मला तो निकाल फार आवडतो. न्यायाधीशाला शेवटचं पान वाचायची किती घाई झाली असेल, आणि तरी तो जितकं समोर होतं तितक्यावर थांबला.

खऱ्या रहस्यांचं वेड आपल्या मराठी माणसाला आजचं नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. नानासाहेब पेशव्यांच्या हाती ती बातमी आली ती एका सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. उखाणाच हा. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे त्यांना उलगडायला कुणी डिटेक्टिव्ह लागला नसणार. पण उखाण्यात एक फट राहिली. भाऊसाहेबांच्या मृत्यूबद्दल लोकांची खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. आणि त्या फटीतून तोतया आला. मीच भाऊ, म्हणाला. त्याला कैदेत टाकलं, तरी १७७६ साली तो सुटला, कोकणात किल्ले घेतले, हजारो माणसं त्याच्यामागं गेली. अखेर पकडून पुण्याला आणून चौकशी केली आणि देहदंड दिला.

पंधरा वर्षांनी आलेल्या अनोळखी माणसामागं लोक का गेले असतील? त्यात राजकारण होतं, ते सोडा. शिपाईगड्याचा विचार करा. पानिपतावर ज्याचा भाऊ, ज्याचा बाप गेला आणि प्रेतही दिसलं नाही, त्याला ‘जे गेले ते परत येऊ शकतात’ हे ऐकायचं होतं. भाऊसाहेब परत आले तर आपला माणूस का येणार नाही? मिसिंगच्या, म्हणजे हरवलेल्या माणसांच्या, रजिस्टरवर काम केलेल्या कुणालाही ही ओळ ओळखीची वाटेल. दुसऱ्या नानासाहेबांचं, सत्तावन्नच्या, तेच झालं. नेपाळच्या तराईत ते दिसेनासे झाले आणि पुढं कितीतरी वर्षं ठिकठिकाणी ‘नानासाहेब’ पकडले जात राहिले. नेताजींसाठी १९५६, १९७० आणि १९९९ अशा तीन चौकश्या बसल्या. सरकार बदललं तरी लोकांचा प्रश्न तोच: तुम्हाला माहीत आहे, सांगत नाही.

गोष्ट आणि खरं यांची गाठ कशी पडते त्याचा मासला बघायचा तर अगाथा ख्रिस्ती बाईंचा. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ही रहस्यकथा लेखिका घरातून मोटार घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार उतारावर बेवारस मिळाली, आत कोट, सामान. अकरा दिवस पोलीस आणि गावोगावचे हौशी लोक माळरानं तुडवत होते. शेरलॉक होम्सचा बाप आर्थर कॉनन डॉयल, ज्यानं जगाला निरीक्षण आणि तर्क शिकवला, त्यानं बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि नेऊन दिला कुणाला, तर मांत्रिकाला! म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अंगारा-धुपारा करणाऱ्याला. बाई सापडल्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात, सुखरूप. रजिस्टरला त्यांनी जे आडनाव लिहिलं होतं ते नवऱ्याच्या मैत्रिणीचं होतं. मी तपासी अंमलदार असतो तर त्या आडनावापाशी फाइल मिटवली असती. बाईंनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, जाडजूड. त्यात या अकरा दिवसांचा उल्लेख नाही. शंभर वर्षं होत आली, लोक त्यावर अजून पुस्तकं लिहितात. ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येक वाचकाला शेवटचं पान इमानानं दिलं, तिनं स्वतःचं पान मात्र ठेवून घेतलं. मला तर यात तिचा हक्कच दिसतो.

जरा बाजूला जातो. आमच्या दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वराच्या देवळाच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ आजच्या भाषेत अशी: जो हे वाचील तो विजयी होईल. मी पहिल्यांदा बॅटरी मारून ती अक्षरं बघितली तेव्हा एक अक्षर लागलं नाही. मान दुखेपर्यंत उभा होतो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन बसला, त्याला माहीत होतं आपण काय लिहितोय, आणि वर पैज लावून गेला. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर याहून चांगली जाहिरात आजवर कुणी छापलेली नाही.

आता तुझ्या त्या मालिकांबद्दल. बघ, पण एक सांगतो. कुणाला तरी माहीत आहे, ही खात्री फार झपाट्यानं ‘याला माहीत आहे’ मध्ये बदलते, आणि मग ‘यानंच केलंय’ मध्ये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मोबाइलवर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आलीय. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी, त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. तिथं सुटायला कसलं रहस्यच नव्हतं, एकही मूल हरवलेलं नव्हतं. नुसती निळी पेन्सिल होती आणि खाली ‘नाही’ लिहिणारं कुणी नव्हतं. आजही एखादी बातमी आली की दुपारपर्यंत लोक फोटोवर गोल करून आरोपी जाहीर करतात. अकरात दोन, हा माझ्या माहितीतल्या सगळ्यात मन लावून वाचणाऱ्या माणसाचा हिशेब होता. तुझा किती येतो ते बघ एकदा.

आणि खऱ्या रहस्यात एक गोष्ट असते, ती कुठल्याच मालिकेत मी पाहिली नाही. ती सांगतो आणि थांबतो.

गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. माझ्या ठाण्याच्या हद्दीत एक विडी कामगार बाई होती. तेलुगू भाषक, पन्नाशीच्या आतबाहेर. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही. नवरा यंत्रमागावर होता, एक दिवस कामाला गेला आणि आला नाही. मिसिंग दाखल झालं. दर महिन्याच्या एक तारखेला अक्का ठाण्यात यायची, कारखान्यात विड्या देऊन परत जाताना. टोपलीवर ओलं फडकं, बोटांची टोकं पानं कातरून कातरून काळी पडलेली. बाकावर बसायची आणि विचारायची, “साहेब, काय समजलं का?” मी म्हणायचो, तपास चालू आहे अक्का. चहा प्यायची, जायची. असं वर्षभर.

मग आमचा एक हवालदार दुसऱ्याच एका चोरीच्या तपासाला भिवंडीला गेला. तिथं मागांवर आपल्या सोलापूरची पुष्कळ तेलुगू मंडळी. मी त्याच्या खिशात फोटो दिला होता. दुसऱ्या दिवशी माणूस सापडला, मागावर उभा. दुसरा संसार मांडलेला, लहान मूल. म्हणाला, परत न्यायचं नाही मला, जिवंत आहे एवढं सांगा. सज्ञान माणूस, स्वतःच्या मर्जीनं राहतोय, आम्ही त्याला बखोट धरून आणू शकत नाही. रजिस्टरला तशी नोंद केली.

एक तारखेला अक्का आली. कसं सांगावं याची मी दोन दिवस तालीम केली होती. फक्त एवढंच म्हणालो, अक्का, ते जिवंत आहेत, तब्येत बरी आहे, पण यायचं म्हणत नाहीत. ती थोडा वेळ टोपलीकडं बघत बसली. मग म्हणाली, “दम्याचा त्रास आहे त्यांना. भिवंडीची हवा ओली असती.”

मी भिवंडी हे नाव घेतलंच नव्हतं.

माझ्याकडं बघून तिच्या लक्षात आलं. तीस वर्षांत माझ्यासमोर असं कुणी सापडलं नसेल, आणि मला तो पुरावा नको होता. तिला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. मग दर महिन्याला का येत होतीस, मी विचारलं. तिनं आधी दाराकडं बघितलं. म्हणाली, “पोरीचं लग्न ठरवायचंय. बाप हरवला म्हटलं तर लोक हळहळतात. सोडून गेला म्हटलं तर विचारतात, का गेला?” आणि मग हळूच, “साहेब, ते रजिस्टर बंद करू नका.”

नोंद झाली होती, ती खोडता येत नव्हती, आणि तसं मी तिला सांगितलं. पण गल्लीतलं कुणी आमचं रजिस्टर वाचायला येत नाही, हेही सांगितलं.

पुढच्या एक तारखेला ती आली. बाकावर बसली. चहा आला. नव्यानं बदलून आलेल्या शिपायानं मला आत येऊन विचारलं, साहेब, या बाईचा काय मॅटर आहे? मी बाहेर तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, “मिसिंग आहे. तपास चालू आहे.”

पोरीचं लग्न झाल्यावर ती यायची थांबली.